जव पेरताना: बियाणे किती, नत्र किती?

जवाचे बियाणे न्यायला आलात की पहिला प्रश्न असतो, "हेक्टरी किती किलो टाकू?" त्यावर आम्ही आधी पिशवीवरचे हजार दाण्यांचे वजन पाहतो. कारण पीक उभे राहते ते रोपांच्या संख्येवर. किलोचा हिशेब त्यानंतर येतो.

जवाला चौरस मीटरमागे साधारण 200 ते 300 रोपे लागतात. समजा 250 हवी आहेत, हजार दाण्यांचे वजन 45 ग्रॅम आहे आणि शेतात 85 टक्के उगवण होईल. 250 ला 45 ने गुणा, 85 ने भागा. हेक्टरी 132 किलो बियाणे लागेल. दाणा बारीक, 38 ग्रॅमचा असेल, तर तेवढ्याच रोपांना 112 किलो पुरते. पिशवीवर छापलेली उगवणशक्ती प्रयोगशाळेतली असते. ढेकळे असतील, ओल कमी असेल किंवा बी खोल पडणार असेल, तर शेतातली उगवण त्याहून कमी धरा.

थोडे विरळ पेरले तरी जव फुटवे, म्हणजे बुंध्यातून निघणाऱ्या जादा काड्या, काढून बरीच तूट भरून काढतो. म्हणून बियाणे वाढवत नेले की उत्पादन एका मर्यादेपर्यंतच वाढते, मग थांबते. त्यापुढे फुटवे कमी होतात, दाणा बारीक राहतो, काडी नाजूक होते आणि पीक लोळते. मात्र पेरणी लांबली असेल तर बियाणे नक्की वाढवा. तेव्हा फुटवे यायला वेळच उरत नाही. तणाचा त्रास असलेल्या रानातही दाट पेरा फायद्याचा, कारण पीक लवकर जमीन झाकते.

आता नत्र, म्हणजे नायट्रोजन. दाण्यात 11 टक्के प्रथिने असतील, तर एक टन कोरड्या दाण्यातून साडेसतरा किलोच्या आसपास नत्र शेताबाहेर जाते. काडातले वेगळे. हे सगळे खतातूनच द्यायचे नसते. जमीन आणि मागचे पीक, विशेषतः कडधान्य, यांचा वाटा असतो. नत्राची पहिली मात्रा उत्पादन चांगले वाढवते, पुढची त्याहून कमी, आणि एका टप्प्यानंतर नत्र फक्त काडी उंच करते आणि दाण्यातली प्रथिने वाढवते. जनावरांच्या खाद्यासाठी प्रथिने वाढली तर बिघडत नाही. माल्टसाठी (बिअर वगैरेसाठी मोड आणून वाळवलेला जव) मात्र साधारण 12 टक्क्यांवर गेलेला माल नाकारला जाऊ शकतो. तिथे नत्राचा उशिरा दिलेला हप्ता महागात पडतो.

आमचा आग्रह आहे की हे दोन्ही आकडे एकत्र ठरवावेत. दाट पेऱ्यावर भरपूर नत्र दिले की पीक हमखास लोळते. विरळ पेऱ्यावर नत्र उशिरा दिले की मागाहून फुटवे येतात आणि कापणीला निम्म्या ओंब्या पिकलेल्या, निम्म्या हिरव्या सापडतात.

स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडले तर नत्राचाही उपयोग होत नाही. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात 1852 पासून जवावर खतांचा प्रयोग सुरू आहे. तिथे स्फुरदाशिवाय नुसते नत्र दिलेल्या तुकड्यांना नत्राचा फारसा लाभ झाला नाही. स्फुरद पेरतानाच, बियाण्याजवळ द्यावे. युरिया मात्र बियाण्याला चिकटून टाकू नका; त्यातून निघणाऱ्या अमोनियाने कोंब जळतात, आणि कोरड्या, हलक्या जमिनीत हा धोका जास्त.

उगवण पूर्ण झाली की एक मीटर ओळीतली रोपे मोजा. ओळींत 20 सेंटिमीटर अंतर असेल, तर 50 रोपे म्हणजे चौरस मीटरला 250. शेतात पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. रोपे कमी भरली तर वरखत, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचा नत्राचा हप्ता, फुटवे सुरू होतानाच द्या. दाट झाली असतील तर त्याची मात्रा कमी करा. ही सरासरी आणि माती परीक्षणाचा अहवाल घेऊन आमच्याकडे या. दुसऱ्या हप्त्याचा हिशेब आपण समोरासमोर बसून करू.