बिल्डिंगला टेकलेलं झाड खाली उतरवताना

जून-जुलैच्या जोरदार पावसात मुंबईत कुठल्या ना कुठल्या सोसायटीत एखादा गुलमोहर कलतो, नाहीतर पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी चिरफाळून गॅलरीच्या ग्रिलवर रेलून बसते, आणि खाली जमलेल्यांतलं कोणीतरी म्हणतंच, "दोर बांधा आणि ओढा, त्यात काय एवढं!" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण असं अडकलेलं लाकूड नुसतं पडून राहिलेलं नसतं, त्यात प्रचंड जोर साठून बसलेला असतो.

वाकलेल्या फांदीची बाहेर फुगलेली बाजू ताणाखाली असते आणि आतली बाजू दाबाखाली. ताणाच्या बाजूने एकदम खोल करवत घातली तर लाकूड उभं फाटतं आणि फांदी झटक्यात उसळते, कुठे ते सांगता येत नाही. दाबाच्या बाजूने खोल कापलं तर काप मिटतो आणि चेनसॉ आतच अडकते. म्हणून जाणकार माणूस आधी दाबाच्या बाजूला थोडासाच काप घेतो, मग ताणाच्या बाजूने हळूहळू, लाकडाचा आवाज ऐकत, फांदी जिकडे उसळेल तिकडे उभं न राहता. कललेल्या खोडाचं तर आणखी भयंकर, मागून कापायला घेतलं की ते उभं चिरत वर जातं आणि मागची फाक कापणाऱ्याच्या छातीवर येऊ शकते.

मोकळ्या रानात झाड पाडायचं तंत्र वेगळं. जिकडे पाडायचं त्या बाजूला खाच घ्यायची, मागून काप द्यायचा आणि मध्ये लाकडाची एक पट्टी मुद्दाम ठेवायची, जाडी साधारण खोडाच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. ही पट्टी बिजागरीचं काम करते, झाड तिच्यावर वळून खाली येतं. पण त्यासाठी आजूबाजूला झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर रिकामं लागतं, आणि ए विंग आणि बी विंगच्या मध्ये, खाली गाड्या पार्क केलेल्या, एवढी जागा आणणार कुठून? म्हणून इथे झाड वरून तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं.

आता वजन बघा. ओलं लाकूड झाडाच्या जातीप्रमाणे कमी-जास्त भरतं, पण घनमीटरला 850 किलो धरलं तरी 30 सेंटीमीटर जाडीचा, दोन मीटर लांबीचा एक तुकडा जवळपास 120 किलोचा होतो. हा तुकडा दीड मीटर मोकळा पडला आणि मग दोराने त्याला 30 सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर दोरावर सरासरी ओढ वजनाच्या सहापट येते, म्हणजे 720 किलो, आणि क्षणभराची कमाल ओढ त्याहूनही जास्त. शिवाय दोर वरच्या कप्पीवरून घेतला असेल तर कप्पीवर दोन्ही बाजूंची ओढ मिळून जवळपास दुप्पट भार पडतो, आणि ती कप्पी बांधलेली असते त्याच जखमी झाडाला! म्हणून तुकडे लहान घ्यायचे आणि दोर आधीच ताणून ठेवायचा.

दोर धरायची पद्धत तर मला फार आवडते. भाऊच्या धक्क्यावर एकटा खलाशी खुंटाला दोराचे वेढे देऊन अख्खी लाँच धरून ठेवतो, तेच गणित इथे बुंध्यावर चालतं. गणितज्ञ ऑयलर यांनी अठराव्या शतकात हे सूत्र मांडलं, प्रत्येक वेढ्याला पकड ठरावीक पटीने वाढते. घर्षणांक 0.25 धरला तर एका वेढ्याला जवळपास पाचपट, दोन वेढ्यांना 23 पट. म्हणजे 120 किलोचा तुकडा खाली उभा माणूस पाचेक किलोच्या जोराने धरतो आणि सावकाश सोडतो. साल ओली आणि निसरडी असेल तर एक वेढा जास्त द्यायचा. फक्त दोर हाताला किंवा कमरेला कधीच गुंडाळायचा नाही.

पोकळ दिसलं की झाड तोडायचंच असंही नाही हां. खोड व्यासाच्या 70 टक्के पोकळ झालं तरी वाकण्याविरुद्धची ताकद साधारण एक चतुर्थांशच कमी होते, अर्थात पोकळी मधोमध असेल आणि बाजूला भेग नसेल तर. मला जास्त भीती मुळांची वाटते. चहूबाजूंनी काँक्रीट, खोदकामात तुटलेली मुळं, पावसाने भिजून सैल झालेली माती, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत ताशी 100 किलोमीटरच्या वर झोत आले होते, तेव्हा कितीतरी झाडं मुळासकट आडवी झाली. कलाच्या उलट्या बाजूला जमिनीला भेग पडली असेल, पेव्हर ब्लॉक उचलले गेले असतील तर त्या झाडावर कोणालाही चढवू नका, तिथे क्रेन किंवा हायड्रॉलिक लिफ्टच हवी.

फोन 1916 ला करा, तो महापालिकेचा आपत्कालीन नंबर आहे. झाड सोसायटीच्या आवारातलं असलं तरी 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात चौकशी करा. वायरला फांदी टेकली असेल तर वीज कंपनीने सप्लाय बंद केल्याचं कळवेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही. आणि शेवटी उरलेला बुंधा जेसीबीने उपटायची घाई करू नका, मुळं पाण्याच्या नाहीतर गॅसच्या पाइपला वेढून बसलेली असू शकतात, जमिनीलगत कापून ठेवला तरी चालतं, फक्त वड-पिंपळ असेल तर फुटवे येत राहतील त्यावर लक्ष ठेवा.