पुस्तके हलली, वास्तू उरली

अमेरिकेतल्या लहान गावात स्थानिक इतिहासाचे संग्रहालय पाहायला गेलात आणि समोर उंच पायऱ्या, खांब आणि दारावर ‘सार्वजनिक ग्रंथालय’ अशी कोरीव अक्षरे दिसली, तर तिथे अँड्र्यू कार्नेगींचा पैसा लागलेला असण्याचा संभव मोठा. पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेल्या या स्कॉटिश गृहस्थांच्या देणगीतून १८८३ ते १९२९ या काळात २,५०९ ग्रंथालये उभी राहिली. त्यांतली १,६८९ एकट्या अमेरिकेत.

देणगीला अट होती. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालय चालवण्यासाठी काढायची. (कार्नेगींच्याच होमस्टेड पोलाद कारखान्यातल्या १८९२ च्या संपातला रक्तपात न विसरलेल्या कामगारांनी काही ठिकाणी हा पैसाच नको म्हटले.) कार्नेगींचे सचिव जेम्स बर्ट्राम यांनी १९११ मध्ये आराखड्यांची पत्रिकाच काढली: एक मोकळे दालन, खाली व्याख्यानासाठी तळघर, खिडक्या जमिनीपासून सहा फुटांवर, म्हणजे त्यांखाली सलग कपाटे मावतील. आज त्याच भिंतींना जुने फोटो आणि नकाशे टांगायला सोयीचे पडते.

मग ग्रंथालये तिथून का हलली? पुस्तके वाढली, मुलांच्या विभागाला जागा पुरेना, गाड्या लावायला तर नव्हतीच. ज्या पायऱ्यांचा एकेकाळी तोरा होता, त्याच चाकाच्या खुर्चीवरच्या वाचकाला अडवू लागल्या. १९९० च्या अपंग हक्क कायद्यानंतर त्यांकडे काणाडोळा करणे अवघड झाले. रिकामी वास्तू पाडण्यापेक्षा गावच्या इतिहास मंडळाला देणे बरे वाटले. पण करातला पैसा ग्रंथालयाबरोबर नव्या जागेत गेला. मंडळाच्या वाट्याला गळके छप्पर आणि वर्गणीदारांची यादी. माझ्या मते या स्थित्यंतराची खरी मेख इथेच आहे.

वॉशिंग्टनचे उदाहरण पाहा. माउंट व्हर्नन चौकातले ग्रंथालय १९०३ मध्ये उघडले. वर्णभेदाच्या त्या काळातही काळ्या वाचकांना तिथे मज्जाव नव्हता. १९७२ मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय नव्या इमारतीत गेले. पुढे शहराच्या इतिहास संस्थेने २००३ मध्ये इथे शहर संग्रहालय थाटले. प्रेक्षक आणि पैसा दोन्ही कमी पडल्याने ते पुढच्याच वर्षी बंद झाले. २०१९ पासून त्या वास्तूत ॲपलचे दुकान आहे आणि इतिहास संस्था दुसऱ्या मजल्यावर.