बर्लिनचे तुर्की किराणा दुकान : पार्श्वभूमी

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना कोथिंबिरीची भरगच्च जुडी, भेंडी, मसूरडाळ आणि घट्ट दही कुठे मिळते हे पहिल्या काही दिवसांतच कळते. कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानात. या दुकानांची गोष्ट बहुतेक वेळा चवीपासून सुरू केली जाते. ती परवान्यापासून सुरू करायला हवी.

ऑक्टोबर १९६१ मध्ये दोन्ही देशांत झालेल्या कामगारभरतीच्या करारानंतर तुर्कस्तानातून पश्चिम जर्मनीत कामगार येऊ लागले. बरेचसे एकटे, कारखान्याच्या वसतिगृहात राहणारे. बल्गूर (उकडून भरडलेला गहू), ऑलिव्ह, सुकी मिरची गावाहून सामानातून यायची. ताज्या भाजीला अजून फारसे गिऱ्हाईक नव्हते. नोव्हेंबर १९७३ मध्ये पश्चिम जर्मन सरकारने भरती बंद केली आणि भलतेच घडले. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून माणसे थांबली आणि त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले. १९७३ साली तुर्की नागरिक नऊ लाखांच्या आसपास होते, १९८१ मध्ये पंधरा लाखांच्या. घरोघरी स्वयंपाक सुरू झाला आणि वांगी, लांब हिरव्या मिरच्या, पार्स्लीच्या जुड्या, मेंढीच्या दुधाचे पांढरे चीज यांना रोजची मागणी आली.

पण दुकान काढणार कोण? खरा पेच इथे होता. कामगाराच्या पासपोर्टवरच्या वास्तव्य परवान्यात एक ओळ असायची : स्वतंत्र व्यवसाय करण्यास परवानगी नाही. ही अट उठायला वास्तव्याचा सर्वांत पक्का दर्जा लागे आणि तो मिळेपर्यंत साधारण आठ वर्षे जात. त्याआधी दुकान हवे असेल तर त्या व्यवसायाची स्थानिक गरज आहे, हे कार्यालयात पटवून द्यावे लागे. म्हणून अनेकांनी जर्मन ओळखीच्या माणसाच्या नावावर परवाना घेतला आणि त्या नावाचे पैसे मोजले. दुकानात राबणारा एक, कागदावर दुसरा. भांडण झाले तर कागदावरचाच जिंकणार. स्थानिक व्यापाऱ्यांना संरक्षण हवे, असे या अटीचे समर्थन तेव्हा केले जाई. ते टिकणारे नाही. जर्मन वाण्यांची छोटी दुकाने सुपरमार्केटपुढे आधीच बंद पडत होती आणि तुर्की कुटुंबांनी घेतलेले गाळे पुष्कळदा तेच रिकामे गाळे होते. पश्चिम बर्लिनने तर १९७५ पासून क्रॉइत्सबर्ग, वेडिंग आणि टिअरगार्टन या तीन भागांत परदेशी नागरिकांना नव्याने राहायला येण्यास मनाई केली. वस्ती वाढू द्यायची नाही आणि वस्तीची गरज मात्र सिद्ध करून मागायची, हा अन्यायच होता.

ऐंशीच्या दशकात कारखान्यांतल्या नोकऱ्या गेल्या. १९८३ च्या कायद्याने परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) देऊ केले. जे राहिले त्यांतल्या कित्येकांची आठ वर्षे एव्हाना भरली होती. दुकाने झपाट्याने वाढली ती तेव्हा. पहाटे घाऊक बाजारातून माल आणायचा, दारापुढे उतरत्या फळीवर क्रेट मांडायचे, पार्स्लीवर पाणी शिंपडायचे, ऑलिव्ह सुटे तोलून द्यायचे. नवरा बाहेर भाजीवर, बायको गल्ल्यावर, मुले शाळेतून आली की मदतीला.

कॉफीचे मात्र वेगळे झाले. इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे सोळाव्या शतकातली, आणि १८७१ पासून तिथे भाजून दळलेली तयार कॉफी विकली जाऊ लागली, तोवर लोक हिरव्या बिया घरीच भाजत. विसाव्या शतकात मात्र तुर्कस्तानातल्या रिझे भागात चहाची लागवड वाढली, १९४७ मध्ये पहिला चहा कारखाना निघाला आणि रोजचे पेय चहा झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तुर्कस्तानात परकीय चलनाची इतकी टंचाई झाली की बाजारात कॉफी मिळेनाशी झाली. उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाणारी कुटुंबे तेव्हा जर्मनीतून कॉफीच नेत. पिठासारखी बारीक दळलेली, लांब दांड्याच्या भांड्यात न गाळता उकळायची १०० ग्रॅमची पाकिटे आज मसाल्यांशेजारी दिसतात. भाजलेल्या कॉफीवर जर्मनीत किलोमागे २.१९ युरो वेगळा कर आहे, तोही पाकिटाच्या किमतीत येतो. अलीकडे गल्ल्यापाशी कॉफीचे यंत्रही बसते, कारण भाजीवरचा नफा भाड्याला पुरत नाही.

भाडे हाच आता मुख्य प्रश्न आहे. राहत्या घराच्या भाडेकरूला जर्मन कायदा बरेच संरक्षण देतो, दुकानाच्या भाडेकरूला जवळजवळ काहीच नाही. २०१५ साली क्रॉइत्सबर्गमधल्या एका जुन्या भाजीच्या दुकानाला गाळा सोडण्याची नोटीस आली, तेव्हा शेजारीपाजारी आठवड्यामागून आठवडे रस्त्यावर जमले. नोटीस मागे घेतली गेली. पुढच्याच वर्षी दुकान बंद झाले.