कीळक्करैची जुम्मा मशीद

कीळक्करैची जुम्मा मशीद : तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मन्नारच्या आखाताकाठी असलेल्या कीळक्करै या बंदरगावातील दगडी मशीद. मोती व शंखाच्या व्यापारावर वर आलेल्या मरक्कायर या तमिळभाषक मुस्लिम समाजाशी तिचा निकटचा संबंध आहे. गावात ‘जुनी जुम्मा’ (पळैय जुम्मा पळ्ळि) ही मशीद वेगळी आणि सतराव्या शतकातील व्यापारी सीतक्कादी याच्या नावाशी जोडलेली मोठी जुम्मा मशीद वेगळी. प्रवासलेखांत एकीची कथा व दुसरीचे वर्णन अशी सरमिसळ बरीच आढळते. त्यामुळे कालनिर्णयाचा घोळ वाढला आहे.

स्थानिक परंपरेनुसार जुनी मशीद इ. स. ६२८ ते ६३० या काळात येमेनी व्यापाऱ्यांनी उभारली. येमेनचा इराणी सुभेदार बाधान (बाझान इब्न सासान) याने तशी आज्ञा केल्याचे सांगतात. पुढे अकराव्या शतकात तिचा जीर्णोद्धार झाला, असेही ही परंपरा सांगते. केरळमधील कोडुंगल्लूरच्या चेरामन मशिदीसाठीही ६२९ हे साल सांगितले जाते. भारतातील पहिली मशीद कोणती, या वादात गुजरातमधील घोघ्याच्या मशिदीचेही नाव येते. मात्र या तारखा जशाच्या तशा स्वीकारणे कठीण आहे. इराणचा बादशहा दुसरा खुस्रो ६२८ च्या फेब्रुवारीत मारला गेला व त्यानंतर बाधानने इस्लाम स्वीकारला, असे अरबी वृत्तांत सांगतात. म्हणजे धर्मांतर, आज्ञा, मौसमी वाऱ्यांवरचा प्रवास आणि बांधकाम हे सारे अवघ्या दोन वर्षांत बसवावे लागते. समकालीन शिलालेखाचा आधारही दिला जात नाही. दुसरीकडे, येमेन व पांड्य राजांचा दक्षिण तमिळ किनारा यांच्यातील जहाजांची ये-जा इस्लामपूर्व आहे, ही गोष्ट निर्विवाद. तेव्हा अरब व्यापाऱ्यांची वस्ती बरीच जुनी, पण आज उभी असलेली वास्तू तिच्याहून पुष्कळ अलीकडची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. परंपरेला त्यामुळे कमीपणा येत नाही; ती जागेची आठवण सांगते, दगडांची नव्हे.

या किनाऱ्यावरील मोत्यांचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-वृत्तांतात (पेरिप्लस) येतो. पांड्यांच्या राज्यात कोल्खोई (कोर्कै) येथे शिक्षा झालेल्या कैद्यांकडून मोती काढून घेत, असे त्यात म्हटले आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलोने जवळच्या कायल बंदराचे वर्णन केले आहे. मोती काढणारे व्यापारी राजाला दहावा हिस्सा देत आणि मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवणाऱ्या ब्राह्मणांना विसावा, असे तो सांगतो. शार्क मासे मंत्राने बांधणारे हे लोक एकोणिसाव्या शतकातही कामावर होते. पाणबुडे मुस्लिम वा ख्रिस्ती असले तरी मांत्रिकाशिवाय पाण्यात उतरायला तयार नसत.

शिंपल्यांचे खडक (तमिळ – पार) किनाऱ्यापासून दूर, साधारण पाच ते दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीवर असतात. पाणबुड्या पायात दगड अडकवून तळाशी जाई, हाताला लागतील ते शिंपले जाळीच्या पिशवीत भरी आणि दोर हलवला की वरचा माणूस त्याला ओढून घेई. ब्रिटिश अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिंपल्यांचे तीन वाटे पडत : दोन सरकारचे, एक पाणबुड्यांचा. सरकारी शिंपल्यांचा हजारांच्या भावाने लिलाव होई. शिंपले उघडून पाहण्याची सोय नसे, म्हणजे खरेदी हा निव्वळ जुगार. माल आठवडाभर उन्हात कुजवून मग धुऊन चाळत. त्या दिवसांत किनाऱ्यावर उभे राहवत नसे. मोती नंतर निरनिराळ्या आकाराच्या भोकांच्या पितळी चाळण्यांतून गाळून प्रतवार लावत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या धंद्यावर हात टाकला. १५३५–३७ मध्ये परवर कोळ्यांनी सामूहिक ख्रिस्ती धर्मांतर करून पोर्तुगीजांचे संरक्षण मिळवले आणि मोत्यांवरील मुस्लिमांचा वरचष्मा ढिला पडला. १५३८ मध्ये वेदालै येथे कालिकतच्या मरक्कारांच्या (तेथील राजाच्या मुस्लिम नौदलप्रमुखांच्या) आरमाराचा पोर्तुगीजांनी पराभव केला. १६५८ मध्ये तुतिकोरिन डचांकडे गेले. रामनाडच्या (रामनाथपुरमच्या) सेतुपती राजांच्या आश्रयाने कीळक्करै मात्र तगून राहिले. किळवन सेतुपतीच्या काळातील सीतक्कादी (शेख अब्दुल कादिर, डच कागदपत्रांतील पेरियतंबी मरक्कायर) याचे व्यापारी वजन मोठे होते. उमरु पुलवर या कवीला त्याने दिलेला आश्रय तमिळ साहित्यात प्रसिद्ध आहे. ‘मेल्यावरही देणारा सीतक्कादी’ ही म्हण तमिळमध्ये आजही चालते.

त्याच्या नावाने ओळखली जाणारी मशीद द्राविडी पद्धतीची आहे. दर्शनी भागात लक्ष वेधून घेणारा मोठा घुमट नाही. ग्रॅनाइटचे खांब, त्यांवर कमळकळीसारखे लोंबणारे हस्त (छताला आधार देणारे दगडी कंस) आणि दगडी फरशांचे सपाट छत आहे. खांबांवर वेलबुट्टी व फुले कोरली आहेत, मानवी वा प्राण्यांच्या आकृत्या टाळल्या आहेत. देवळांचे काम करणाऱ्या पाथरवटांचा हात येथे ओळखू येतो. मंडपातून आत गेल्यावर मेहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) दिसेपर्यंत आपण देवळात नाही, हे ध्यानात यायला क्षणभर लागतो.

मदुराईहून रामेश्वरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील रामनाथपुरम हे सोयीचे स्थानक. तेथून बस मिळते. महाराष्ट्रातून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंना ही वाकडी वाट फार लांबची नाही. मशिदीत नित्य नमाज होते. त्यामुळे शुक्रवारची दुपार व नमाजाच्या वेळा टाळाव्यात, पायताण बाहेर काढावे, अंगभर कपडे असावेत. स्त्रियांच्या प्रवेशाविषयी आणि छायाचित्रांविषयी आधी विचारणे बरे. दोन्ही मशिदी पाहायच्या असल्यास नावे सांगूनच वाट विचारावी. भारतीय बाजूला मोत्यांचा शेवटचा मोठा हंगाम १९६१ मध्ये झाला. पुढे १९८६ मध्ये मन्नारच्या आखातातील बेटांभोवती सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.