वन्यजीव जैवविविधता धोरणाची अंमलबजावणी (सोलापूर जिल्हा)

वन्य प्राणी, वनस्पती आणि त्यांचे अधिवास टिकवण्यासाठी आखलेले राष्ट्रीय धोरण जिल्हा व गाव पातळीवर अमलात आणण्याची प्रक्रिया. तिला १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, २००२ चा जैविक विविधता अधिनियम आणि २०१७ ते २०३१ या काळासाठीचा तिसरा राष्ट्रीय वन्यजीव कृती आराखडा यांचा आधार आहे. पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात दाट जंगल नाही. त्यामुळे येथे या धोरणाची कसोटी लागली ती माळरानावर.

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज येथील, माळढोक या गवताळ माळावरच्या पक्ष्यासाठीचे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी. होते व त्यात सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शेते, वाड्यावस्त्या, इतकेच नव्हे तर अनेक गावेही आली. खाजगी जमिनींच्या व्यवहारांवर व बांधकामांवर बंधने आल्याने, ज्या शेतकऱ्यांच्या रानात हा पक्षी शतकानुशतके निर्धास्त वावरला त्यांनाच तो अडचणीचा वाटू लागला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटवण्यात आले. तोवर माळढोकाची संख्या फार खालावली होती.

माळढोक जमिनीवरच आणि बहुधा एकच अंडे घालतो, म्हणून त्याची घट भरून निघणे अवघड असते. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरच्या वीजतारा त्याला वेळेवर दिसत नाहीत आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. सोलापुरात याला पीकबदलाची जोड मिळाली. रब्बी ज्वारीच्या पट्ट्यातील पावसाळ्यात मोकळी राहणारी राने टोळ-किड्यांवर जगणाऱ्या या पक्ष्याला सोयीची होती. उजनीचे पाणी आले तेथे बारमाही ऊस उभा राहिला. सरकारदरबारी ‘पडीक’ मानलेल्या माळावर झाडे लावण्याचे प्रयत्नही, हेतू चांगला असूनही, गवताळ अधिवासाला मारक ठरतात. कुसळी व पवन्या गवताच्या या माळावर काळवीट, लांडगा आणि खोकड यांचाही निर्वाह चालतो.

जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. मेंढपाळाला ठाऊक असलेली गवते, त्यांचे हंगाम, पाणवठे, मालदांडीसारखे ज्वारीचे वाण आणि खिलार जनावरे यांच्या नोंदी तिच्यात येणे अपेक्षित आहे. ही नोंदवही कार्यालयात बसून भरली गेली, तर तिचा हेतूच हरवतो. कारण गायरानातील कोणता तुकडा विणीच्या काळात चराईविना राखावा, हे त्या माळावर रोज फिरणाऱ्यांना विचारल्याशिवाय ठरवता येत नाही.