ठिगळ एकाला, नकाशा सगळ्यांना

'पॅच' म्हणजे ठिगळ. संगणकाच्या दुनियेत हा शब्द आला तोही शब्दशः. प्रोग्राम कागदी फितीवर भोकं पाडून लिहिले जात, तेव्हा चुकीच्या भोकावर खरोखरच तुकडा चिकटवत. आता ठिगळं इंटरनेटवरून येतात. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी वाटते. आधार संपलेल्या, म्हणजे कंपनीने ठिगळं देणं थांबवलेल्या जुन्या विंडोजला ती मिळत नाहीत. तरी 'इतकी वर्षं काही झालं नाही' म्हणत काही जण तीच वापरत राहतात.

पण ठिगळ दिसलं की खाली भोक होतं हेही कळतं. हल्लेखोर अपडेटच्या आधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून ताडून पाहतात. समजा, नव्या फाइलमध्ये बाहेरून आलेल्या मजकुराची लांबी मोजणारी एक तपासणी वाढली आहे. म्हणजे जुनीत ती नव्हती. तिथे मावेल त्याहून जास्त मजकूर कोंबला, की तो शेजारच्या मेमरीवर सांडतो, आणि नेमका हवा तसा सांडवता आला तर संगणक हल्लेखोराचे हुकूम पाळू लागतो. विंडोजच्या नव्या आवृत्तीतला बराचसा कोड जुन्या आवृत्तीतूनच आलेला असल्याने तेच भोक आधार संपलेल्या जुन्या आवृत्तीतही असू शकतं. तिच्या वाट्याला मात्र हल्लेखोराच्या हाती लागलेला भोकाचा नकाशा येतो, ठिगळ नाही. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा युक्तिवाद इथेच फसतो. संगणक तसाच असतो, त्याच्याविषयीची माहिती वाढत जाते.

१४ मार्च २०१७ ला विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या (एसएमबी) एका भोकाचं ठिगळ आलं आणि १२ मे रोजी त्याच भोकातून 'वॉनाक्राय' हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम जगभर पसरला. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीचा आधार २०१४ मध्येच संपला होता, तरी कंपनीने अपवाद म्हणून तिच्यासाठीही ठिगळ काढलं. खरं तर बहुतेक बाधित संगणक विंडोज ७ चे होते. त्यांच्यासाठी ठिगळ दोन महिने तयार होतं, लावलं नव्हतं एवढंच.

म्हणून जुन्या यंत्रावर आधी उपलब्ध असलेली सगळी अपडेट्स चढवा. यातही एक मेख आहे. अपडेट खरं आहे की नाही हे संगणक डिजिटल सहीवरून ओळखतो. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सहीची जुनी, कमकुवत झालेली शा-१ पद्धत सोडून शा-२ धरली. त्यामुळे जुन्या सीडीवरून नव्याने टाकलेल्या विंडोज ७ ला पुढच्या अपडेट्सची सहीच ओळखता येत नाही! आधी सर्व्हिस पॅक १ (अपडेट्सचा एकत्र गठ्ठा), मग शा-२ ची ओळख देणारं अपडेट हाताने टाकावं लागतं, तेव्हा गाडी पुढे सरकते.

बाकीचं पटकन सांगतो. रोजच्या कामाला अॅडमिनिस्ट्रेटरचं खातं वापरू नका. एसएमबीची पहिली आवृत्ती आणि रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) बंद ठेवा. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. ब्राउझरही तपासा, कारण क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र धडधाकट असेल, तर माझ्या मते विंडोजऐवजी हलकं लिनक्स (दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकणं हाच सरळ मार्ग.

कधी मात्र एखादं उपकरण जुन्या विंडोजशिवाय चालतच नाही. तो संगणक नेटवर्कपासून तोडा आणि त्याला लागणाऱ्या पेनड्राइव्हवर लक्ष ठेवा. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रांत शिरू शकत होता, तो पेनड्राइव्हवरूनच.