गोथेनबर्गमधली दोन मतदानं

महिला प्राध्यापकांची भरती वाढवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग गुणवत्तेचं काय? स्वीडनमध्ये हा वाद थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेला.

सोफिया कोवालेव्हस्काया या रशियन गणितज्ञ १८८९ मध्ये स्टॉकहोमच्या एका उच्चशिक्षण संस्थेत प्राध्यापक झाल्या, पण ती संस्था सरकारी नव्हती. सरकारी विद्यापीठांत महिलांना ही पदं कायद्यानेच बंद होती. १९२५ मध्ये तो अडसर निघाला. तरीही सरकारी सेवेतली पहिली महिला प्राध्यापक दिसायला १९३७ उजाडलं: कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ.

१९९५ मध्येही शंभर प्राध्यापकांत दहा महिला नव्हत्या. तेव्हा शिक्षणमंत्री कार्ल थाम यांनी सुमारे ३० नवी पदं काढली. नियम असा, की स्त्री-पुरुषांपैकी ज्यांची संख्या कमी त्यांच्यातला उमेदवार पुरेसा पात्र असेल, तर जास्त पात्र उमेदवार असतानाही त्यालाच निवडायचं. फक्त दोघांतली तफावत फार मोठी नको.

गोथेनबर्ग विद्यापीठात अशाच एका पदासाठी निवड समितीने दोनदा मतं टाकली. फक्त संशोधन पाहून: पुरुष उमेदवाराला ५, महिलेला ३. नवा नियम धरून: महिलेला ६, पुरुषाला २. समिती तीच, अर्जही तेच. पुढे त्या महिलेने अर्ज मागे घेतला, दुसऱ्या महिलेची नेमणूक झाली आणि डावललेल्या दोघांनी अपील केलं. त्यांतली एक महिलाच होती, हे सहसा कुणी सांगत नाही. ६ जुलै २००० रोजी युरोपीय न्यायालयाने हा नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला: पात्रता जवळपास सारखी असेल तरच प्राधान्य, तेही प्रत्येकाची परिस्थिती पाहून.

निकाल मला तर्काला धरून वाटतो. पण ती पात्रता मोजतं कोण? त्याच विद्यापीठातल्या क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी वैद्यकीय संशोधन परिषदेकडे शिष्यवृत्तीच्या अर्जदारांना परीक्षकांनी दिलेल्या गुणांची गोपनीय पत्रकं मागितली. परिषदेने नकार दिला. माहिती खुली ठेवण्याच्या कायद्याचा आधार घेऊन, कोर्टात जाऊन त्यांनी ती मिळवली. अर्ज ११४, त्यांत महिला ५२. निवडलेले २०, त्यांत महिला ४. दोघींनी प्रत्येकाचे शोधनिबंध मोजले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापला: पुरुषाइतके गुण मिळवायला महिलेला अडीच पट काम दाखवावं लागत होतं. म्हणजे ‘नेचर’सारख्या आघाडीच्या विज्ञान नियतकालिकात तीन निबंध जास्तीचे.